सारजनकाची गाठ

आमच्या घरात ‘किंचित’ हा शब्द कधी शिरला, ते मला पक्कं आठवतं. संध्याकाळचं जेवण चाललं होतं. आमच्या ह्यांनी साराचा एक भुरका मारला आणि म्हणाले, “किंचित मीठ वाढ.”

मी मिठाची वाटी हातात धरून तशीच उभी. लग्नाला एवढी वर्षं झाली. या माणसानं मीठ मागितलं, तूप मागितलं, प्रसंगी मला गप्प बसायलाही सांगितलं, पण दर वेळी ‘स्वल्प’ म्हणून. स्वल्प मीठ. स्वल्प तूप. स्वल्प गप्प बस गं. आम्ही बेंगळूरचे मराठी. कुठल्या पिढीत इकडं आलो ते घरात कुणालाच धड सांगता येत नाही. फौजेबरोबर आलो, असं सासरे म्हणायचे, आणि सासूबाई म्हणायच्या, फौजेबरोबर नव्हे, फौजेचा स्वयंपाक करायला. तेव्हापासून आमच्या मराठीत कानडी असं मुरलंय की कुठलं कुठं संपतं ते आमचं आम्हाला कळत नाही. ‘किंचित’ मी पुस्तकात वाचला होता. जिवंत माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

“काय म्हणालात?”

“मीठ गं. स्वल्प मीठ.”

म्हणजे चुकलं हे त्यांनाही कळलं होतं. सासूबाईंनी, त्यांना सगळं घर अक्का म्हणायचं, ताटातून मान वर न करता विचारलं, “किंचित म्हणजे किती रे? चिमूट की अर्धी चिमूट?” हे हसले. मी हसले नाही. मला ठाऊक होतं शब्द कुठून आला ते.

ही सदुसष्टच्या आसपासची गोष्ट. आमचे हे एका मोठ्या विज्ञानसंस्थेत रसायनाच्या प्रयोगशाळेत होते. मल्लेश्वरम्‌च्या आमच्या घरातून सायकलवर जायचे, तसेच परत यायचे. त्यांचं काम धातूंच्या क्षारांचं. मी कानडी शाळेत सातवीपर्यंत गेले, मग घरच्यांनी पाटी ठेवून घेतली. मराठी वाचायला माझी मीच शिकले, पंचांगावरून, आरत्यांच्या पुस्तकावरून, वाण्याच्या पुड्यांवरून. पुड्यांवर सगळी गोष्ट कधी मिळायची नाही. पुढचा कागद दुसऱ्या कुणाच्या घरी गेलेला. त्यामुळं मला अर्धं ऐकून उरलेलं मनात जुळवायची सवय लागली, आणि ऐकायची हौस तर विचारूच नका.

माझं नशीब थोर म्हणून नवरा बोलका मिळाला. आमच्याकडं भात झाला की शेवटी वाटीभर सार नुसतं प्यायची पद्धत. ती वाटी दोन्ही हातांत धरून हे दिवसभराचं सांगायचे. आज कोबाल्टचं पाणी गुलाबी होतं, तापवल्याबरोबर निळं झालं. निकेलचं हिरवंगार पाणी, त्यात अमोनिया ओतला तर तेही निळं, पण निराळं निळं. मी ते सगळं डोळ्यांपुढं आणायची. शिवाजीनगरच्या बाजारात रिबिनीच्या दुकानापुढं उभी राहून मनात म्हणायची, हा कोबाल्ट, हा निकेल. दुकानदार विचारायचा, “किती वार देऊ?” त्याला काय सांगणार, मी नवऱ्याची प्रयोगशाळा बघतेय म्हणून!

ती साराची वाटी म्हणजे माझी शाळा होती हो. आणि माझा संसारही तोच. बाकी सगळं, धुणी, भांडी, आल्यागेल्याचं, ते कुणालाही चुकत नाही.

मग ती आली. पुण्याची. मोठ्या परीक्षा देऊन संशोधनाला आलेली, यांच्याच खोलीत, यांच्याच कामावर. तिचं आडनाव घेऊन पुढं ‘बाई’ लावून हे बोलायचे, म्हणून मीही आधी समजले की कुणी पोक्त बाई असेल. एकदा हे डबा विसरले म्हणून मी द्यायला गेले तर बघते काय, माझ्याहून लहान. मनगटावर घड्याळ, पदर पिनेनं टाचलेला, आणि झाडाला टेकवलेली स्वतःची सायकल. सायकल! मी लहानपणी माझ्या वडलांना, अण्णांना, किती विनवलं होतं. अण्णा म्हणाले होते, “मुलीनं सायकल शिकून जायचं कुठं?” हिला बघा, जायचं ठिकाण मिळालं होतं.

“अय्या, वहिनी ना तुम्ही?” ती म्हणाली. मी काहीतरी बोलले, डबा द्यायला आले, स्वल्प घाईत आहे, असं. तर ती टाळी वाजवून म्हणते, “किती गोड मराठी हो तुमची! अगदी जुनी, जपून ठेवलेली वाटते.”

जपून ठेवलेली! लोणचं आहे का?

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात. पण ऐका. त्या प्रयोगशाळेत कुणी तमिळ, कुणी बंगाली, कुणी कानडी. सगळे आपसात इंग्रजी बोलायचे. मराठी हे आमचं उंबरठ्याच्या आतलं. बाहेरचे सगळे शब्द वहाणांसारखे दाराशी काढून हे घरात यायचे, आणि मग माझ्याशी मराठी बोलायचे. जगात यांचं मराठी ऐकणारी बाई एक मी आणि एक अक्का. आता तिकडंही एक झाली. आणि हळूहळू घरातलं बोलणं आटलं.

“आज काय केलंत?”

“काही नाही गं. तेच.”

“रंग कुठला आला?”

“रंग नाही आला.”

आणि वाटी रिकामी करून उठायचे. दिवसभर तिच्याशी बोलून बोलून तोंड दुखलं असणार, मी मनात म्हणायची. बोलणं तिकडं सांडून येतात आणि मला रिकामी घागर. त्यात हे ‘किंचित’. पाठोपाठ ‘बरं का’ आलं. मग एक दिवस अक्कांना म्हणाले, “मी जातो आहे.” अक्का घाबरून म्हणाल्या, “अरे, जाऊन येतो म्हण!”

मी इतकी जळायची, इतकी जळायची, की तिच्या सायकलचासुद्धा राग. रस्त्यात कुठलीही घंटी वाजली की मी वळून बघायची.

एका शुक्रवारी अक्का आणि मी बनशंकरीला गेलो. तेव्हा ते देऊळ गावाबाहेर होतं, सभोवार माळ आणि शेतं. तिथं राहुकाळात लिंबाची अर्धी साल उलटी करून तिच्यात तूपवात लावतात. वाती लावता लावता अक्कांनी विचारलं, “काय मागितलंस?”

“त्यांचं काम होऊ दे, म्हटलं.”

“खोटं. काम होऊ दे म्हणणारी बाई एकाच दिव्यात तीनदा तूप ओतत नाही.”

मग मी सांगून टाकलं. जेवताना बोलू देत, एवढंच मागितलं. अक्कांनी आपल्या दिव्याची वात पुढं सारली. म्हणाल्या, “देवीला कशाला त्रास देतेस? त्या मुलीला जेवायला बोलाव. परमुलखात पोर एकटी राहते, काय खाते कुणास ठाऊक. आणि आपल्या डोळ्यांनी बघ एकदा काय आहे ते.”

म्हणून ती आली. अवऱ्याचे, म्हणजे तुमच्याकडच्या पावट्याचे, दिवस होते. बेंगळूरला थंडी पडली की घरोघर अवऱ्याच्या शेंगा सोलायचं काम निघतं, तो वास दारातून आत येण्याआधी हातांना लागतो. मी अवऱ्याची उसळ केली, कोशिंबीर, भात, आणि सार. सार मी त्या दिवशी असं केलं की काय सांगू. मिरी, जिरं ताजं कुटून, वरून मोहरीची फोडणी. म्हटलं, पुण्याच्या आमटीला आज कळू दे.

ती पाटावर नीट मांडी घालून बसली, आवडीनं जेवली. मग वाटी पुढं करून म्हणाली, “वहिनी, स्वल्प सार वाढा की.”

पळी माझ्या हातात होती. ती भांड्यात पडली असती तर बरं. ‘स्वल्प’! पुण्याच्या बाईच्या तोंडी! हा शब्द तिला बाजारात मिळाला असेल, रिक्षात मिळाला असेल, असं मी मनाला सांगून बघितलं. पण ती तो यांच्यासारखा म्हणाली, शेवटचा ‘ल्प’ ओठांत मिटून. ह्यांनी तिला आपला शब्द दिला होता आणि तिचा आपण घेतला होता.

“सार फार छान झालंय,” ती म्हणाली. “सर तुमच्या साराबद्दल नेहमी सांगतात.”

“हो का? मला नाही सांगत. मला तर आताशा काहीच सांगत नाहीत. काय करता हो तुम्ही तिकडं दिवसभर?”

माझ्या आवाजात काहीतरी असावं. हे ताटात बघू लागले. अक्कांनी घास तसाच धरला. तिला मात्र काही कळलं नाही, बिचारी खूश झाली. विषय आवडीचा निघाला ना.

“सांगते, वहिनी. आपल्याभोवती हवा आहे ना, तिच्यात बहुतेक नत्रवायूच आहे. पण तो काही करत नाही. कुणाशी बोलत नाही, मिसळत नाही. कारण त्याचे अणू जोडीनं राहतात, आणि त्या दोघांची एकमेकांशी तिहेरी गाठ असते. समजा, तुम्ही आणि सर.”

“मी आणि हे?”

“समजा हो. तुम्ही दोघं म्हणजे नत्रवायू. इतके घट्ट धरून आहात की बाहेरच्या कुणाची गरजच नाही. आता मी समजा धातू.”

अक्का म्हणाल्या, “तू धातू?”

“हो, मी धातू. मी येते, आणि येऊन बसते.” खरंच, उष्टा हात तसाच धरून ती उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. यांच्या नव्हे, माझ्या. “अशी एका टोकाला.”

“माझ्याच शेजारी का?” मी विचारलं.

“कुठल्याही टोकाला बसलं तरी सारखंच. दोघं अगदी एकसारखे असतात. मग आपली देवघेव सुरू होते. तुम्ही मला थोडं देता, मी तुम्हाला थोडं परत देते. पण मी दिलेलं जे असतं ना, ते तुमच्या दोघांच्या मधे जाऊन पडतं, आणि तिथं ते गाठ ढिली करतं.”

चूल विझत आली होती, तरी मला एकदम उकडायला लागलं. स्वल्प दिला, किंचित घेतला, आणि मधे जाऊन पडलं. हिला कुणी सांगितलं असेल का? नाही, हिचा चेहरा तर धुतलेल्या ताटासारखा स्वच्छ. ती आपली हवेबद्दलच सांगत होती.

“मग सुटते का गाठ?” मी विचारलं. त्या घरात त्या क्षणी एवढाच प्रश्न होता.

तिनं सुस्कारा टाकला. “तिथंच तर घोडं अडलंय. परदेशात एका प्रयोगशाळेत नत्रवायू धातूवर बसवून दाखवलाय. सगळ्यांना केवढा आनंद झाला. पण तो नुसता येऊन बसतो. गाठ जवळजवळ तशीच. जरा तापवलं की दोघं जोडीनं उठून निघून जातात.”

“जोडीनं?”

“जोडीनं. आम्हालाही अजून धड बसवतासुद्धा आला नाही. सर फार निराश आहेत हो.”

मी तिच्या वाटीत सार वाढलं. काठोकाठ. ती नको नको म्हणत होती तरी वाढलं, उसळही वाढली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला ती बरी दिसली. घड्याळसुद्धा बरं दिसलं.

अक्कांना राहवेना. “मी म्हणते, सुखानं राहताहेत तर राहू देत की. वेगळं कशाला करायचं त्यांना?”

“अक्का, पिकाला नत्र लागतो ना. जोडी सुटल्याशिवाय तो कुणाच्या उपयोगी पडत नाही. खताच्या कारखान्यात लोखंडावर प्रचंड उष्णता आणि दाब देऊन ती सोडवतात. आणि इकडं बघा,” तिनं ताटातला एक अवऱ्याचा दाणा उचलला, “याच्या मुळांवर बारीक बारीक गाठी असतात. त्यांच्यात राहणारे जंतू हेच काम थंड मातीत गुपचूप करतात. त्यांच्याकडंही थोडं लोखंड असतं, थोडा दुसरा एक धातू असतो. त्यांना जमतं, आम्हाला जमत नाही. म्हणजे कुणाला हेवा वाटणार नाही, सांगा?”

हेवा हा शब्द तिनं काढला, मी नाही. मी फक्त ताक वाढलं.

ती सायकलवरून गेली. अक्का अंगणात सुपारी कातरत बसल्या, मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. हे पाटावरून उठलेच नव्हते. मी पाठमोरीच म्हटलं, “हे एवढं सगळं तिला सांगता आलं. तुम्हाला का आलं नाही?”

“काय सांगू गं तुला?” हे म्हणाले. आवाज इतका बारीक की मी वळले. “आधी रंग होते. गुलाबीचं निळं झालं, की तुला सांगितलं. तुझा चेहरा असा व्हायचा, जसं काही तुझ्यापुढंच झालं. आता या वायूला रंग नाही, वास नाही. दिवसभर यंत्रातून कागदावर एक रेघ निघते आणि तिच्यात काही दिसत नाही. ते तुला सांगायचं? आणि सांगायचं कुठल्या शब्दांत? नत्रवायू म्हटलं की मला माझंच बोलणं परकं वाटतं. तो शब्दही मला तिच्याकडूनच मिळाला.”

म्हणजे बोलणं तिकडं सांडत नव्हतं. यांच्याकडं ते नव्हतंच. मला बरं वाटायला हवं होतं, पण रागच आला. आता तिचा नव्हे, ह्यांचा. मला रंगच लागतात हे कुणी ठरवलं? आणि शब्द नव्हता म्हणे!

“शब्द कसा नाही?” मी म्हटलं. “आमच्या शाळेच्या पुस्तकात होता की. सारजनक.”

ह्यांनी कपाळावर हात मारला. “अगं हो. कानडीत सारजनकच म्हणतात.”

“बाईंनी पहिल्यांदा फळ्यावर लिहिला तेव्हा आम्हा चार मराठी मुलींना हसू आवरेना. बाकीच्यांना काही वाटलं नाही, त्यांच्याकडं ‘सारू’ असतं. आमच्या घरी सार. सारजनक म्हणजे साराचा जनक. आम्ही मधल्या सुट्टीत ठरवून टाकलं की हा वायू तुरीच्या डाळीतून निघत असणार. बाईंना सांगितलं तर आम्हाला बाकावर उभं केलं.”

हे हसायला लागले. किती दिवसांनी! “अगं, पण तुम्ही फार चुकला नव्हता. तुरीच्या मुळांनाही त्या गाठी असतात. हवेतला सारजनक त्या गाठींतूनच डाळीत जातो, आणि डाळीतून तुझ्या सारात. वेडे, तू बाकावर उभी राहिलीस ती उगाच.”

“मग बसा,” मी म्हटलं, “आणि ती रेघ कशी असते ते सांगा. दिसत नाही तर काय दिसत नाही ते सांगा. तिला जे सांगता ते सगळं मला सांगायचं. समजलं नाही तर मी विचारीन. पुड्या वाचून मराठी शिकलेली बाई आहे मी.”

“सरी,” हे कानडीत ‘बरं’ म्हणाले, आणि पुन्हा वाटी पुढं केली.

त्या दिवसापासून आमच्या घरी तो सारजनकच झाला. मला कळलं की नुसत्या जोडीची खूण त्या यंत्रात उमटतच नाही. दोघंच असले की यंत्राला ते दिसत नाहीत. तिसरं कुणी एका टोकाला येऊन बसलं, तरच कागदावर खूण येते, आणि ती किती खाली सरकली त्यावरून गाठ किती ढिली झाली ते समजतं. हे ऐकता ऐकता मी त्यांची भरलेली वाटी पुन्हा भरायला गेले. हे म्हणाले, “नाही समजलं?” मी म्हटलं, “समजलं. जास्तच समजलं.”

माझी जळजळ गेली, असं समजू नका. ती पुण्याची मधूनमधून जेवायला यायची आणि दर खेपेला स्वल्प म्हणायची आणि दर खेपेला मला टोचायचं. ह्यांचं ‘बरं का’ही गेलं नाही. पुढं ती मोठी पदवी घेऊन परदेशी गेली. जाताना मला नमस्कार केला, मी तिच्या हातात सारासाठी कुटलेल्या मसाल्याचा डबा दिला, आणि तो देतानाही वाटलं, हिला सायकल येते, हिला विमान मिळालं, आता माझं सारही हिलाच.

पण ती गेली त्याच्या आधीची एक संध्याकाळ सांगायची राहिली. हे घाईघाईनं आले. पाय धुतले नाहीत, अक्कांना हाक मारली नाही, तसेच स्वयंपाकघराच्या दारात. मी भाताची पेज काढत होते.

“बसला,” हे म्हणाले.

“कोण?”

“सारजनक गं! कागदावर खूण आली. कालपर्यंत तिथं नुसती सपाट रेघ होती. दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा आली.”

माझ्या हातातली पळी तशीच. काय विचारायचं ते मला ठाऊक होतं, आणि विचारायची हिंमत होत नव्हती. तरी विचारलं. “आणि पुण्याच्या बाईंना काय वाटलं?”

“ती अजून तिथंच नाचतेय. मी म्हटलं, मला घरी जायचंय, सार निवेल.”

भातावरचं झाकण मी सरकवलं. वाफ एवढी आली की तोंड लपवायला पुरली.

“आणि गाठ?” मी विचारलं. “सुटली?”

“सुटली कुठली! ढिली झाली असेल तर किंचित.”

“स्वल्प म्हणा.”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग तसेच, धूळभरल्या पायांनी, भिंतीला टेकून हसले. “स्वल्प,” ते म्हणाले, शेवटचा ‘ल्प’ ओठांत मिटून.

मागून अक्कांचा आवाज आला, “पाय धू रे आधी. आणि तू वाढ गं, ते सार उतू चाललंय.”